तिसरा महिना

पहिल्या महिन्यात तो हातातून निसटला,
पत्र्याच्या मोरीत दोन टप्पे घेऊन
बादलीमागे जाऊन बसला.
मी उकिडवी, एक हात भिंतीला,
बोटं निसरडी,
आणि बाहेरून सासूबाई,
"झुवेना, आत झोप लागली का?"

रायानं दवाखान्यात करून दाखवलं होतं,
असा दाब, अशी घडी घाल,
आत गेला की आपोआप उमलतो.
तिच्या मुठीत उमलायचा खरा.
माझ्या अंगात मात्र
चुरगळलेल्या पाकिटासारखा पडून राहिला,
आणि दिवसभर मी अशी चालले
जसं मांड्यांमध्ये अंडं धरलंय.

एकतीस वर्षांची मी, दोन पोरांची आई,
आणि माझ्याच अंगातली वाट कुठे वळते
हे बोटाला विचारावं लागलं.
सरळ वर नाही जात ती.
मागे जाते, माकडहाडाच्या दिशेनं.
कुणी सांगितलंच नव्हतं.
दोन बाळंतपणांत सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं,
मी सोडून.

काढताना तर घाबरगुंडी उडाली.
देठ हाती लागेना. वाटलं, गेला वर,
आता काळजाशी जाऊन अडकणार.
भिंतीला डोकं टेकून रडून घेतलं.
मग रायाचं आठवलं: ओढू नकोस,
बुडाला चिमटा घे, हवा शिरू दे.
पक् असा आवाज झाला,
बरणीचं झाकण सुटावं तसा,
आणि मला एकटीलाच हसू आलं.

आत होतं ते किती?
दोन चमचे. फार तर तीन.
एवढ्याशासाठी चौदाव्या वर्षापासून
किती कांगे फाडले मी!

आम्ही जांबियानीच्या शेवाळवाल्या.
उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी लांब मागे हटतं
तेव्हाच आमचं शेत हाती येतं.
खुंटाला दोरी, दोरीला गाठ,
गाठीत शेवाळाची फांदी,
पाच-पाच तास, कधी गुडघा, कधी कंबर.
(चंद्राचं आणि बाईचं नातं वगैरे
हॉटेलच्या ओट्यावरच्या पाहुण्या बोलतात.
आमचं नातं भरतीच्या वेळापत्रकाशी.
पाळी आली म्हणून ते बदलत नाही.)

कापड मीठ पितं, जड होतं,
मांड्या सोलून निघतात.
बी शेमसा त्या दिवसांत सगळ्यांच्या मागून चालायची.
तिच्या मांड्यांवर वीस वर्षांचे काळे वण आहेत,
एकदाच पाहिले मी.
"हे माझं बँकेचं खातं," म्हणाली
आणि कांगा खाली सोडला.

दुसऱ्या महिन्यात कप उकळत ठेवला होता,
सासूबाईंनी झाकण उघडलं.
"ही कसली भाजी?"
खरं ते सांगितलं.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग ते पातेलं माझ्या खाटेखाली सरकवलं,
दुसऱ्या दिवशी चहासाठी नवं आणलं,
पैसे मात्र माझ्या शेवाळाच्या हिशेबातून कापले.

तिसऱ्या महिन्यात, मंगळवारी,
पाचवी दोरी बांधताना लक्षात आलं,
सकाळपासून मला त्याची आठवणच नाही.
ना ओल, ना भार.
पायाखाली बोचरी वाळू
आणि डाव्या अंगठ्यात मागच्या आठवड्याचा काटा,
तेवढाच काय तो त्रास.

शेजारच्या रांगेतून बी शेमसा म्हणाली,
"आज मागे नाही राहिलीस? तारीख तर तुझीच."
तिला सगळ्यांच्या तारखा पाठ.
जवळ जाऊन कानात सांगितलं.
ती दोरीचं टोक दातात धरून
नुसती उभी राहिली.
पाणी पोटऱ्यांवर चढू लागलं होतं,
टोपल्या भरायच्या होत्या.

"माझी तर जाईलच आता वर्षा-दोन वर्षांत."
गाठ आवळली. पुन्हा सोडली. पुन्हा आवळली.
"तरी विचार तुझ्या रायाला,
किती मापांचे येतात."