कुंपणातला हात

इथेल बेवन झाडं बघत नाही.
तैवीच्या खोऱ्यात तो कुंपणाला लागून चालतो,
मान तिरकी, खिशात सुतळीचा तुकडा,
आणि बघतो कोपरं.

सरळ लाकूड काय, म्हणतो, कुणीही विकत आणील.
वाकलेलं भेटावं लागतं.

मी शिकायला आले तेव्हा वाटलं होतं
पहिल्याच दिवशी हातात रंधा येईल.
आला झाडू. मग चहाची किटली.
मग अ‍ॅशचा ओंडका, पाचर आणि घण:
करवत लावायची नाही, फोडायचा,
धागा जाईल तिकडे आपण मागोमाग.
माझा पहिला पाय केळ्यासारखा निघाला.
त्याने तो शेगडीत टाकला नाही,
दाराला अडसर लावला,
येताजाता मला दिसेल असा.

खुर्चीला हात असतात, पाय असतात, पाठ असते,
डोकं तेवढं नसतं.
ते बसणाऱ्याने आणायचं, म्हणतो इथेल,
आणि काही जण विसरतात.

तो हात सापडला नेस्ट प्रिचर्डच्या बांधावर.
मनगटाहून जाड फांदी,
जमिनीलगत आडवी जाऊन एकदम वर वळलेली,
झोपेत कुणी हात उशाखाली घ्यावा तशी.
इथेलने सुतळी लावली. पुन्हा लावली.
मग दार वाजवलं.

नाही, म्हणाली नेस्ट.
हे कुंपण एम्रिसने घातलंय.
जिवंत खोड अर्ध्याच्या वर चिरायचं,
तुटू द्यायचं नाही, आडवं निजवायचं,
ते तसंच जगतं आणि वर फुटवे काढतं.
त्रेसष्टचं बर्फ वितळल्यावर, ती म्हणाली,
कोयता त्याचा होता. वाकही त्याचाच.

बरं, म्हणून इथेल परतला.
तीन हिवाळे आम्ही त्या वळणावरून गेलो,
त्याने एकदाही मान वळवली नाही.
मीच बघायचे.

मग खोऱ्यातल्या अ‍ॅशला रोग लागला,
शेंड्यापासून पानं काळी पडत आली,
आणि एका रविवारी नेस्टचा फोन:
घेऊन जा. पण खुर्ची माझ्या घरी येणार.
आणि पैसे मी निम्मे देईन,
हात माझा आहे.

दीड वर्ष फांदी आढ्याला वाळत पडली.
मधोमध चिरली तेव्हा एकाचे दोन झाले,
डावा आणि उजवा,
आतून दुधाळ,
आणि वळणाशी एक काळी रेघ,
जुन्या कोयत्याची, लाकडाने गिळलेली.
मी रंधा उचलला.
इथेल म्हणाला, ठेव खाली.

बैठक एल्मची, चार बोटं जाड,
तिथे मी आठवडाभर खोलगट कोरत होते
आणि घरी जाऊन उभ्यानेच जेवत होते, पाठ धरलेली.
पाय तीनच.
नेस्टच्या स्वयंपाकघरात पाटीच्या दगडाच्या फरश्या,
एकीचं दुसरीशी पटत नाही;
चार पाय असते तर भांडण लागलं असतं.

खुर्ची आम्ही घोंगडीत गुंडाळून नेली.
नेस्ट बसली.
उजवा तळवा फिरत फिरत रेघेवर आला, थांबला.
किटली उकळून उकळून गप्प झाली.
बाहेर मेंढ्या ओरडत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं.
मी इथेलकडे बघितलं, तो छताकडे.

उंच आहे, म्हणाली ती.

तो गुडघ्यांवर उतरला, कुरकुरत, दोन्ही गुडघे वेगवेगळे.
पेन्सिलीने खूण केली, तिथेच करवत चालवली,
तिन्ही पायांची अर्ध्या अंगठ्याएवढी चकती काढली.
ती पुन्हा बसली आणि आमच्याशी बोलायचं विसरून गेली.

पैसे तिने निम्म्याहून थोडे कमीच दिले.

चकत्यांपैकी एक चुलीत गेली.
एक इथेलच्या खिशात असावी, सुतळीबरोबर;
तो कबूल करत नाही.
तिसरी माझ्या खोलीत आहे,
दुकानातून आणलेल्या टेबलाच्या
चौथ्या पायाखाली.