सत्यप्रत

एकोणीस वर्षं विद्याविहारात काढली मी.
हसू नका. स्टेशनच्या पूर्वेला,
सावलाशेठच्या झेरॉक्सच्या दुकानात.
एका पानाचा रुपया, पाठपोट दीड.

कुठला विषय किती जड, ते हाताला ठाऊक आहे.
कायदा भारी. अकाउंट्स जाडजूड,
आणि कडेला पेन्सिलीने कुणाकुणाची नावं.
स्टॅटिस्टिक्सच्या नोट्समध्ये त्रेचाळिसाव्या पानावर
कधीतरी कुणाचा तरी चहा सांडला होता.
तो डाग मी बारा वर्षांच्या पोरांना वाटलाय.

आता पोरं येत नाहीत.
पीडीएफ जाते, एकाकडून शंभरांकडे,
मशीन तापायचं कारणच नाही.
शेठ म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू.
याचा अर्थ कळायला पदवी लागत नाही.

बाकी सगळ्याला लागते.
समोरच्या कॉलेजात कारकुनाची जागा निघाली.
साळगावकर मॅडमनी जाहिरात आणली ती माझ्याकडेच,
पाच प्रती काढायला.
तिसऱ्या ओळीत : उमेदवार पदवीधर असावा.
पाचही प्रतींत तेच आलं.

मग रात्री, भांडी घासून झाल्यावर,
मोबाईलवर शोधत बसले.
एका ठिकाणी नंबर काय दिला,
सकाळपासून फोन. निशांत नावाचा मुलगा,
आवाजात एवढा आदर की संशय यावा.
मॅम, शेवटच्या तीन सीट, मॅम, हप्ते पाडून देतो.
ऑनलाइन, आणि तीन सीट.
विचारलं, खुर्ची घरपोच का?
तो हसला नाही. बिचाऱ्याला वर कुणीतरी ऐकत असणार.

वर्षाला साठ हजार.
मी पानांत मोजते. साठ हजार पानं,
म्हणजे पावसाळाभर उभं राहणं,
आणि टोनरचा तो कोरडा खोकला.

दुसरीकडे सहा महिन्यांत पदवी.
परीक्षा नाही, पुस्तक नाही, नुसते पैसे.
तिथलं सर्टिफिकेट एकदा माझ्या काचेवर आलं होतं.
गोल शिक्का आधीच झेरॉक्सचा.
शाईचा काळा आणि टोनरचा काळा मला अंधारातही कळेल.
त्या मुलाला बोलले नाही. दोन रुपये घेतले.
अजून कधी कधी वाटतं, बोलायला हवं होतं.

उरलं सरकारी मुक्त विद्यापीठ.
मान्यतेच्या यादीत नाव पाहिलं, दोनदा.
बारीक अक्षरांतलं सगळं वाचलं.
परीक्षा शुल्क वेगळं. पुस्तकं टपालाने.
तीन वर्षं, रविवारी तास.
भिशीचा नंबर मार्चमध्ये लागतो,
तोवर कानातले आहेत.
सुहास काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर
माझ्या चार्जरच्या तुटक्या वायरला
त्याने चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती.

अर्ज अडला तो नावापाशी.
बारावीच्या गुणपत्रिकेवर
शैला बाळकृष्ण मेस्त्री, बावन्न टक्के.
आधारवर तृप्ती सुहास घाग.
ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नाव.
तांदूळ त्याच आठवड्यात शिजून गेले.
आता राजपत्राचा कागद जोडायचा, सत्यप्रतीसकट,
की शैला आणि मी एकच.
एकच का, हे मलाही कुठे नक्की माहीत आहे?
तिला रसायनशास्त्र आवडायचं.
मी कॉमर्सवर टिक केली.

शटर अर्धं ओढल्यावर
ती गुणपत्रिका काचेवर पालथी ठेवली.
घडीवर विरलेली, डांबरगोळ्यांचा वास.
झाकण लावलं. हिरवा उजेड
या टोकापासून त्या टोकापर्यंत
सावकाश सरकत गेला शैलाच्या खालून.
पहिली प्रत फिकट आली, टक्के दिसेनात.
गडद केलं, दुसरी काढली.
गल्ल्यात दोन रुपये टाकले.

शेठ म्हणाले, अगं, तुझ्याकडून काय घ्यायचे.
म्हटलं, घ्या.
फिकट आली तिचाही धरलाय.