केसाएवढी फट

पहाटे दोन वाजून तेरा मिनिटांनी मेल आला.
बारा पाठवली होती, अकरा परत.
बहुतेकांवर तीच ओळ:
आकृती बंद नाही. सुटे बिंदू राहिले आहेत.

मे महिना. तांडापेठेत रात्रीसुद्धा भिंती भाजतात.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी पुन्हा बसले,
लॅपटॉपखाली ओला पंचा,
आणि संत्रं चौसष्टशे टक्के मोठं केलं.
एवढं मोठं केल्यावर संत्रं उरत नाही,
नुसतं नारिंगी मैदान, आणि कुठेतरी लांब त्याचा काठ.
त्या काठाकाठानं माऊस धरून चालत गेले.
देठापाशी, जिथं मला वाटलं होतं झालं,
केसाएवढी फट.

सीताबर्डीवर लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रफुल्ल खापेकरनं
या धंद्यात मला ओढलं तेव्हाच बजावलं होतं:
आधी माणूस नाही तपासत, मशीन तपासते,
अन् मशीनले चित्र नाही दिसत बाप्पा,
तिले फक्त भोकं दिसतात.

मारबत मात्र कुणीतरी पाहून परत केली.
पिवळी, हात पसरलेली,
डोळ्यांनाच तिच्या चार रात्री गेल्या होत्या.
म्हणाले, विषय स्पष्ट होत नाही.
इंग्रजीत पन्नास शब्द मागतात चित्रामागे.
राक्षसीण लिहून पाहिलं, खोटं वाटलं.
देवी लिहिलं, तेही.
शेवटी लिहिलं होतं: रोगराई घेऊन जाणारी बाई.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जागनाथ बुधवारीतून ती निघते
तेव्हा अख्खं शहर तिला नावानं हाक मारतं,
त्या नावाला कीवर्ड नाही.
खिडकीशी जाऊन, भर उन्हाळ्यात, मी हळूच म्हटलं:
रिजेक्शन घेऊन जा गे मारबत.

बाबा उठले.
काय करून राह्यली माय इतक्या रातीले?
रेषा जोडायची राहिली, मी म्हटलं, म्हणून माल परत.
ते हसले नाहीत. खुर्ची ओढली.
आमच्या सोसायटीत पौनीकर तपासनीस होता,
लुगडं दारात धरे, उजेडाकडं.
तुटका धागा दिसला का पेन्सिलीनं फुली.
तीन फुल्या झाल्या का लुगडं घरी.

मला आठवली आईची ती ट्रंक,
गच्च भरलेली. लहानपणी वाटायचं,
आमच्याकडं लुगड्यांची चैन आहे.

मग मी रंग काढून टाकले, नुसत्या रेषा ठेवल्या.
असं दिसलं तर मला कळंल, बाबा म्हणाले,
आणि पुसलेला चष्मा परत पुसून
स्क्रीनवर अंगठा फिरवू लागले, वरून खाली,
जसा ताण्यावर फिरवायचे.
इथं. अन् इथं पाय.
मोटार-पंपाच्या चित्रात दोन त्यांनी काढल्या,
संत्र्यात एक मी.
गाठ नाही का पडत याले?
नाही बाबा, टोकावर टोक ठेवलं की आपोआप जुळतं.
त्यांना ते पटलं नाही.
गाठ नाही तर मग टिकणार कसं?

उजाडेस्तोवर सात दुरुस्त झाली.
मारबत तशीच ठेवली, फोल्डरमध्ये, हात पसरून.

आणि दुपारी, बेचाळीस अंशांत, पहिली विक्री.
बारातलं एकच जे त्यांनी एका झटक्यात घेतलं होतं,
मी वीस मिनिटांत काढलेलं,
सफेद पार्श्वभूमीवरचा कूलर.
किती आले? विचारलं बाबांनी.
पंचवीस सेंट. वीसेक रुपये.
कोण घेतला?
ते नाही सांगत.
आम्हालेबी नाही सांगत होते, ते म्हणाले,
कोणाच्या अंगावर गेलं.

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, अन् पाणी दाखवलं का तू त्याच्या टाकीत?
नाही.
तसाच घेतला? कोरडा?
हो.
बादली घेऊन ते नळाकडं गेले.