साठ लिटर

नाव निवृत्ती,
आणि नोकरीतून सुटल्यावर आठव्या दिवशी
सातपूरच्या लिलावातून हा माणूस
शाळेची जुनी बस घेऊन आला.
पिवळी. खिडक्यांना गज.
मागच्या सीटवर कुणा पोरानं कर्कटकानं कोरलेलं :
भूगोल नको.

जाऊबाई म्हणाल्या, विंचवाचं बिऱ्हाड!
या वयात लोक गुडघे बदलतात.
मी काही बोलले नाही.
बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले होते,
रेघ केसभर सरकली तरी डोळ्याला टोचायची.
बसकडेही तसंच पाहिलं
आणि लाल पेन्सिलीनं खुणा केल्या :
इथे ओटा. इथे झोपायचं.
इथे पाण्याची टाकी, साठ लिटरची.
एकलहऱ्यातून जन्मभर दुसऱ्यांच्या घरी वीज धाडणाऱ्यानं
टपावर पॅनेल बसवलं.
एक दिवा लागला, एवढासा,
तर अख्खं द्वारका उजळल्यासारखा हसला.

मग रस्ता.
साठ लिटर, दोन माणसं, तीन दिवस.
तांदळाच्या धुवणात ताटल्या,
ताटल्यांच्या पाण्यात फडकं,
फडकं पिळून काचेमागच्या ओव्याच्या रोपाला.
कच्छात मीठ इतकं पांढरं
की मला छापायचा राहिलेला ताव आठवला.
पोखरणच्या अलीकडे आम्ही भांडलो,
चाळीस वर्षांत भांडलो नव्हतो तसे,
कारण उठून जायला दुसरी खोली नव्हती.
तो खाली उतरला. मी आतून कडी लावली.
पहाटे थंडी पडली म्हणून काढली, एवढंच.
ते भांडण मिटलं नाही,
तिथेच एका खेजडीखाली राहून गेलं.

परत आलो गंगापूर रोडच्या फ्लॅटवर.
वरची टाकी रोज सकाळी सांडायची.
धो धो, वीस मिनिटं,
आणि खाली कुणीतरी पाइपानं गाडी धूत असायचं.
निवृत्ती गॅलरीत उभा,
ओठांत आकडे पुटपुटत :
हे जैसलमेरपर्यंत... हे परत भुजपर्यंत...
त्याला झोप लागेना.
मलाही.

धरणाचं पाणी सोडून दुष्काळात कोण जातं, लोक म्हणाले.
आम्ही गेलो.
येवल्याच्या पुढे, राजापूरकडे,
जिथे अनकाईचा डोंगर पाठमोरा बसतो
आणि माळावर तरवड, हिवर, पायांत कुसळं.
दोन खोल्या बांधल्या. मंगळवारी टँकर.
टँकरवाला सुकदेव दर खेपेला टाकीत डोकावतो :
बाई, तुम्ही पाणी पिता का नुसतं बघता?

मेंढरं घेऊन भिवराबाई थांबली.
कायमचं का?
बघू, मी म्हणाले.
बघू म्हणणारेच राहत्यात, ती म्हणाली,
आणि तिचं घोडं, घोड्यावरचं खाटलं,
खाटल्यावरची कोंबडी, सगळं पुढे गेलं.
मी किती तरी वेळ त्या कोंबडीचा हेवा करत होते.

बसची चाकं काढली त्या दिवशी
विटेखाली विंचू निघाला.
मादी. पाठीवर पांढरी पिल्लं,
गच्च, तांदळाच्या दाण्यांसारखी.
निवृत्तीनं चप्पल उचलली होती, ती खाली ठेवली.
जाऊबाईंना फोन लावला :
अहो, बिऱ्हाड खरंच पाठीवर असतं.
मोठं झालं की आपलं आपण उतरतं.
त्या म्हणाल्या, तुम्हाला चावला का?

घराला फरशी आहे, पंखा आहे, मोरी आहे.
झोपतो आम्ही बसमध्येच.
खोल्या फार स्थिर वाटतात,
कूस बदलली तरी काही हलत नाही.
पहाटे काळवीट येतात,
बाहेरच्या घमेल्यातलं पाणी पितात,
एकाची मान वर, बाकीच्यांच्या खाली.
तो चालकाच्या जागेवर, लुंगीत, चहा घेऊन.
ओवा आता काचेबाहेर वाकलाय.
कुठे जायचं आज, तो विचारतो, रोजच्यासारखं.
मी टाकीवर बोटानं वाजवून बघते.
बावीस.
मंगळवार परवा.