लेपटी

फुजैराच्या धक्क्यापासून तीस मैलांवर जहाज.
बाहेर रात्रीही अंग चिकट,
आत एसी इतका, की स्वेटर घालून
मी समुद्राचा तळ बघत बसतो.

काम तारेचं. हाताच्या मनगटाएवढी तार,
कुठे गाळात रुतली, कुठे उघडी पडली,
कुठे कुणाचा नांगर घासून गेला, ते लिहायचं.
माशांसाठी फॉर्मात रकाना नाही.

दोन वाजून सतरा मिनिटं. खोली तीनशे दहा मीटर.
गाळाचा एक तुकडा हलला.
तळव्याहून लहान, कागदाइतकी पातळ,
आतला काटा दिसावा अशी लेपटी.
कडेची झालर एकदा थरथरली,
उडालेला गाळ हळूहळू पाठीवर बसला,
आणि ती नव्हतीच.
उरले फक्त डोळे, मोहरीएवढे,
एकमेकांना खेटून.

अंड्यातून निघाली तेव्हा उभी पोहायची ही,
वर, उजेडात, बाकीच्यांसारखी,
दोन बाजूंना दोन डोळे.
मग उजवा डोळा निघाला.
कवटी वाकडी झाली, पण वाट दिली तिनं.
तोंड तिरकं राहिलं ते राहिलंच.
डोळा पोचला तशी ती खाली आली
आणि आडवी झाली.
खालची बाजू पांढरी. तिला कुणी बघत नाही,
तीही कुणाला नाही.

"पावसे, तार तुटली काय?" पलीकडून रोनेल.
"नाही."
"मग पुढे घे की."

सकाळी आयेला फोन. हर्णैला अजून टोपली घेऊन बसते,
लेपटीचं कातडं एका ओढीत काढते,
बोलता बोलता, गिऱ्हाईकाकडे बघत.
म्हटलं, एवढीशी होती, इतक्या खोल.
म्हणाली, डोळे कुठल्या अंगाला?
डावीकडे.
"मग आपल्यातलीच."
आणि लगेच, "पैसं कधी टाकतोस?"

रिपोर्टात लिहिलं:
०२.१७, चार मिनिटं थांबलो. कारण: पाणी गढूळ.
पाणी काचेसारखं होतं.

यंत्र वर घेतलं तेव्हा दिवे बंद केले मी,
नियमापेक्षा जरा आधी.
तरी आमच्या उजेडानं
तिला बराच वेळ
अंधारसुद्धा दिसला नसेल.