दोरा

मन्सूराच्या दवाखान्यात आज माझा नंबर चौऱ्याहत्तर.
त्र्याहत्तर नंबरवर, काठी गुडघ्यांत धरून,
बयूमी कंपाउंडर.

मी त्यांना मानेवरून ओळखलं.
हीच मान स्टोवर वाकलेली असायची
शाळेच्या व्हरांड्यात, दर मंगळवारी,
आणि आम्ही चाळीस पोरं
बाह्या वर सरकवून, उंचीप्रमाणे उभी.

कालव्यात डुंबून डुंबून
आमची लघवी लाल व्हायची.
मोठी माणसं हसायची : पोरगा वयात आला.
मग सरकार म्हणालं, हा आजार आहे,
पाण्यातल्या गोगलगायींतून येतो,
आणि त्यावर सुई आहे.

सुई होती खरी.
पिचकाऱ्या दोन, काचेच्या. सुया तीन.
पातेल्यातलं पाणी उकळायचं म्हणत असे,
तोवर पुढचा दंड समोर.

औषध शिरेत गेलं की ठसका लागायचा,
जिभेवर गंजक्या पत्र्याची चव.
बयूमी एफेंदी प्रत्येकाच्या हातावर एक खजूर ठेवत.
माझ्यापुढे सब्री, माझा धाकटा.
तो भिंतीशी ओकत असायचा
तेव्हा त्याचा खजूर मी खायचो.

लाली थांबली. आम्ही बरे झालो.
जिकडे सुई तिकडे दोरा.
सुई सगळ्या गावानं पाहिली,
दोरा दिसायला तीस वर्षं लागली.

आधी सब्रीचे डोळे पिवळे झाले.
मग पोट, भरल्या घड्यासारखं.
तेव्हाचा उपाय म्हणजे वर्षभर सुया,
पुन्हा सुयाच,
हाडं फोडणारा ताप
आणि किंमत दोन म्हशींची.
आमच्याकडे एक होती. विकली.
एका पहाटे त्यानं तस्तभर रक्त ओकलं.
तस्त मी कालव्यावर नेऊन धुतलं.
कालव्यावरच.
दुसरं पाणी कुठे होतं?

मलाही तेच आहे, हे कळल्यावर
मी कुणाला सांगितलं नाही.
पंप दुरुस्त करत राहिलो.
मुलींच्या ताटातलं उष्टं खायचं सोडलं,
उगाच. उष्ट्यानं होत नाही म्हणे.
मला कोण सांगणार होतं?

मग गोळी आली.
डॉक्टर इनशिराह, माझ्या थोरलीच्या वयाची,
म्हणाली, काका, रोज एक, तीन महिने,
चुकवायची नाही.
मी विचारलं, सुई?
नाही.
पैसे?
नाही.
मी डबी दोनदा उघडून पाहिली.

गोळ्या संपल्यालाही आता तीन महिने झाले.
आज शेवटचं रक्त द्यायचं,
आत काही उरलंय का ते बघायला.

आणि पुढे ही मान.
किती वर्षं मी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती.
एवढ्यात ते वळले,
माझ्याकडे नाही, माझ्या उंचीकडे बघितल्यासारखे.
"पंपवाल्याचा ना तू? शेवटून चौथा.
तुझ्यापुढचा कुठाय?"

गेला, म्हटलं.

त्यांनी आपली बोटं उलटीपालटी केली.
"मलाही टोचायची कधीकधी," म्हणाले,
"घाईत."
वाक्यं माझ्या तोंडातच राहिली,
खजुराच्या बीसारखी.

त्र्याहत्तर.
त्यांनी बाही वर सरकवली.
नर्सनं पाकीट फाडलं,
फर्रकन,
आत नवी कोरी सुई.
"प्रत्येकाला वेगळी?" त्यांनी विचारलं.
"हो आजोबा. प्रत्येकाला."

रक्त काढून झालं, कापूस लावून झाला.
ते उठेनात.
फाटलेला कागद हातात घेऊन
त्याची कड बोटानं चाचपत बसले.

चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर,
नर्स पुकारत होती.
मी म्हटलं, थांबा थोडं.