रिकामा काटा

अच्युतमामा वजनमापे खात्यात होता, तीस वर्षं.
जांभळी नाक्यावर तो वळला
की गल्लीभर पारडी आपोआप सरळ व्हायची.
सुट्टीत कधी मलाही न्यायचा. सांगायचा,
काटा सगळेच बघतात, तू पारड्याच्या पोटाला हात लाव.
मेण तिथं असतं.
आणि माल पडायच्या आधी बघून ठेव,
रिकामा काटा कुठं उभा राहतो.

गेल्या पौषात पहाटे तीनला
तो गंजीफ्रॉक आणि रबरी चपलांवर तपासणीला निघाला.
कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या एका बाईनं ओळखलं,
गोणपाट पांघरून बसवून ठेवलं, मला फोन लावला:
साहेब इथं आहेत, पावतीपुस्तक मागतायत.

मग मी ऑफिसला दांड्या मारून
मामासाठी जागा बघत फिरले.
(दांडी मारणं हे वाण्याचं असतं, हे त्याच्याकडूनच शिकले होते.)

घोडबंदरला, कासारवडवलीच्या आत,
माहितीपत्रकात कारंजं होतं. प्रत्यक्षातही होतं.
अडतीस हजार, डायपर वेगळे,
तुमचे पेशंट हातानं जेवतात का?
भेटायची वेळ रविवारी अकरा ते एक.
मी म्हटलं, बुधवारी तीनला आले तर?
तेव्हा सगळे झोपलेले असतात.
सगळे?
सगळे.

खारघरला देव्हारा मोठा
आणि बनियनवर मार्करनं लिहिलेली आडनावं.
समेळांच्या अंगावर पोतनीस होतं.
मी गादीखाली हात घातला.
कोरडी होती. वहीत लिहिलं.
मग पायांची नखं बघितली.
ते नाही लिहिलं.

कोपरखैरण्याला रो-हाउस, नऊ खाटा,
शेजारी पिठाची गिरणी, भिंतीतून तिची घरघर.
पाटीवरचं अर्धं नाव उडालेलं. खिचडी अळणी.
न सांगता गेले होते, भर दुपारी.
खिडकीतले एक आजोबा विचारत होते, किती वाजले?
फरशी पुसणारा बिपुल, आसामकडचा पोरगा,
म्हणाला, तीन दहा.
किती वाजले?
तीन दहा, आजोबा.
अर्धा तास बसले. अकरा वेळा मोजलं.
अकराव्या वेळीही तो
आत्ताच कुणी पहिल्यांदा विचारल्यासारखा
फडकं ठेवून घड्याळाकडे वळला.

फॉर्म तिथंच पायरीवर भरला.
नातं: भाची.
कारण: ह्या रकान्याला जागा दोन बोटं.
ऐरोलीचं माझं घर दोन खोल्यांचं,
नवऱ्याची रात्रपाळी, मुलीची बारावी,
सगळं खरं, शिक्का मारून मिळावा इतकं खरं.
तरी त्या पारड्याच्या पोटाला
मी हात लावला नाही.

न्यायच्या दिवशी मामानं खिशात
पन्नास ग्रॅमचं पितळी वजन टाकलं, बाकी काहीच विचारलं नाही.
सामानाच्या यादीत बाईंनी लिहिलं: पितळी वस्तू, एक.
वस्तू नाही, तो म्हणाला, वजन. पन्नास ग्रॅम लिहा.
त्यांनी खोडून लिहिलं.
खाली त्यानं सही ठोकली,
जुनी, लफ्फेदार, हुद्द्यासकट.
तारीख तेवढी सत्तावीस वर्षांनी चुकली.

मग खाटेच्या कडेला टेकून, किती वाजले?
सव्वाचार, बिपुल म्हणाला.
माझ्या मोबाइलवर चार वीस झाले होते.
मी बोलायला तोंड उघडलं, तर मामानं
दुकानदाराला थांबवायचा तसा
तळहात वर केला.
एवढी घट चालते, म्हणाला,
कायद्यात सूट आहे.

कुणाला म्हणाला, कळलं नाही.
बघत तर तो
भिंतीवरच्या काट्याकडे होता.